मुक्तविश्व व्हिडिओ खेळ आणि खेळाडूंचे अनुभवकथन : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या संदर्भात

सारांश

'ओपन वर्ल्ड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिडिओ खेळांत खेळाडूला विस्तीर्ण भूप्रदेशात स्वेच्छेने भटकण्याची मुभा असते. त्यामुळे एकच खेळ खेळणाऱ्या दोघांचे अनुभव सारखे नसतात आणि ते एकमेकांना सांगण्याची गरज निर्माण होते. हे अनुभवकथन कसे घडते, त्याचे घटक कोणते, स्थळवर्णनाच्या मराठी परंपरेशी त्याचे नाते काय आणि जुन्नर-आंबेगाव परिसरातील अध्यापनाला त्याचा कोणता उपयोग होऊ शकतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : मुक्तविश्व खेळ, अनुभवकथन, स्थळवर्णन, सह्याद्री, क्षेत्र प्रकल्प

१. प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या आवारात, एस.टी.च्या प्रतीक्षेत किंवा वसतिगृहाच्या ओट्यावर बसलेले विद्यार्थी परस्परांना काही सांगत असतात. त्या बोलण्यात रस्ते, डोंगर, नदीवरचे पूल, एखाद्या पडक्या घरात सापडलेली वस्तू, चुकलेली वाट असे तपशील येतात. ऐकणाऱ्याला प्रथम ती सहलीची हकिकत वाटते. थोड्या वेळाने लक्षात येते, की हा प्रदेश पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही. तो एका खेळातील आहे.

प्राध्यापकवर्गात अशा खेळांचा उल्लेख सामान्यतः वेळेचा अपव्यय, व्यसन आणि हिंसा या तीनच संदर्भांत होतो. हे तिन्ही आक्षेप निराधार नाहीत. त्यांचा विचार पुढे केला आहे. तथापि, वर्गात दहा ओळींचे स्थळवर्णन लिहिताना अडखळणारा विद्यार्थी खेळातील प्रदेशाचे वर्णन अर्धा तास अस्खलितपणे करतो, ही बाब भाषेच्या आणि समाजविज्ञानाच्या अध्यापकांनी दुर्लक्षावी अशी नाही. हे बोलणे नेमके काय आहे, हे समजून घेण्यासाठी प्रथम त्या खेळांची रचना पाहणे आवश्यक आहे.

२. मुक्तविश्व खेळ : संकल्पना व वाटचाल

बहुतेक जुन्या व्हिडिओ खेळांत खेळाडूचा मार्ग ठरलेला असे. एक टप्पा पार केला की पुढचा टप्पा खुला होई. मुक्तविश्व खेळात संपूर्ण प्रदेश, किंवा त्याचा मोठा भाग, आरंभापासून खुला असतो. मुख्य कथानक असते. परंतु ते केव्हा पुढे न्यायचे, की बाजूला ठेवून भटकायचे, हे खेळाडू ठरवतो. डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल यांचा १९८४ चा 'एलिट' हा अंतराळप्रवासाचा खेळ या प्रकारच्या आरंभीच्या खेळांत गणला जातो.

१९८६ साली जपानमध्ये आलेला 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा खेळ जुन्नरच्या वाचकाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. त्याचे निर्माते शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतो प्रांतातील सोनोबे या गावी गेले. गावाभोवतीच्या टेकड्या, रानवाटा आणि दिवा घेऊन पाहिलेल्या गुहा यांच्या आठवणींतून हा खेळ सुचल्याचे त्यांनी सांगितले आहे. त्यातील कोडी अशी रचली होती, की खेळाडूंनी एकमेकांना विचारावे आणि सांगावे. अर्थात, अनुभवांची देवाणघेवाण ही या प्रकारात नंतर जोडली गेलेली बाब नसून ती रचनेतच अंतर्भूत होती. लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडी येथील लेण्यांतून लहानपणी हिंडलेल्या कोणासही ही प्रेरणा परकी वाटणार नाही.

भारतातील तरुणांना या प्रकाराची ओळख प्रामुख्याने 'ग्रँड थेफ्ट ऑटो' या मालिकेतील 'व्हाइस सिटी' (२००२) व 'सॅन अँड्रियास' (२००४) या खेळांमुळे झाली. सायबर कॅफेत तासाच्या दराने संगणक मिळत असे. खेळातील सांकेतिक शब्द वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले जात. 'व्हाइस सिटी'त बांधकाम चालू असलेल्या इमारतीत खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने स्फोटके पोहोचवण्याची एक कामगिरी आहे; ती कशी पार पाडली, हा त्या पिढीच्या गप्पांचा हमखास विषय होता. पुढे २०१६ च्या सप्टेंबरमध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि खेळ सायबर कॅफेतून खिशात आला. 'इंडियन बाइक्स ड्रायव्हिंग थ्रीडी'सारख्या भारतीय मोबाइल खेळाने मुक्तविश्वाची कल्पना साध्या फोनवर आणली.

येथे एक भेद स्पष्ट करावा लागेल. 'पबजी'सारखे खेळ मोठ्या नकाशावर खेळले जात असले, तरी त्यांत शेवटपर्यंत टिकून राहण्याची स्पर्धा असते आणि अर्ध्या-पाऊण तासात डाव संपतो. मुक्तविश्व खेळ आठवडे किंवा महिने चालतो. पहिल्या प्रकारातील बोलणे सामन्याच्या धावत्या वर्णनासारखे असते, तर दुसऱ्यातील बोलणे प्रवासाच्या हकिकतीसारखे.

३. अनुभवांतील भिन्नतेची कारणे

चित्रपट पाहून आलेल्या दोघांचे मत वेगळे असू शकते. पाहिलेला चित्रपट मात्र एकच असतो. मुक्तविश्व खेळाच्या बाबतीत असे म्हणता येत नाही. याची प्रमुख कारणे तीन आहेत.

पहिले कारण क्रमाचे स्वातंत्र्य. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या खेळात आरंभीचे पठार ओलांडल्यावर खेळाडू सरळ अखेरच्या किल्ल्याकडे जाऊ शकतो किंवा शंभर तास दऱ्याखोऱ्यांत हिंडू शकतो. दोघांनीही खेळ पूर्ण केलेला असतो; परंतु एकाने पाहिलेली गावे दुसऱ्याने पाहिलेलीच नसतात.

दुसरे कारण नियमांच्या परस्परक्रियेचे आहे. याच खेळात गवत पेटते, आगीमुळे वर जाणारी हवा निर्माण होते आणि तिच्या आधारे खेळाडू आकाशात तरंगू शकतो. वादळात धातूचे शस्त्र बाळगल्यास वीज पडते. पाऊस आला की कातळ निसरडा होऊन चढणारा घसरतो. या पावसाविषयी खेळाडू जितकी तक्रार करतात तितकी क्वचितच अन्य कशाविषयी करत असतील; आणि भर श्रावणात चावंड किंवा जीवधन चढलेल्या माणसाला ती तक्रार अक्षरशः पटेल. अशा नियमांच्या एकत्र येण्यातून निर्मात्यांनी न लिहिलेले प्रसंग घडतात. हे प्रसंग ज्याचे त्याचे असतात.

तिसरे कारण अंतराच्या संक्षेपाचे. 'पबजी'चा 'एरँगेल' नावाचा नकाशा ८ किमी लांब व ८ किमी रुंद आहे. जुन्नर ते लेण्याद्री हे अंतर सुमारे ५ किमी आहे, हे लक्षात घेता तो नकाशा जुन्नर शहर व भोवतीच्या काही गावांत संपेल. मुक्तविश्व खेळांतही प्रदेश असाच आवळलेला असतो. दर दोन मिनिटांच्या अंतरावर काहीतरी घडण्याची शक्यता पेरलेली असते. प्रत्यक्ष प्रवासातील रिकामे अंतर वगळून केवळ सांगण्याजोगे तेवढे शिल्लक ठेवलेले असते. त्यामुळे खेळाडूजवळ सांगण्यासारखे नेहमीच असते.

४. अनुभवकथनाचे घटक

खेळाडूंच्या बोलण्यात साधारणतः पाच घटक आढळतात.

(अ) वाटेची माहिती : कोठून जावे, कोठे जाऊ नये, कोणती वस्तू बरोबर असावी. गडकोट हिंडणाऱ्यांच्या बोलण्यात टाक्याचे पाणी, खोदीव पायऱ्या आणि अवघड टप्पा यांना जे स्थान असते, तेच येथे असते.

(आ) वातावरणाचे वर्णन : २०१८ च्या 'रेड डेड रिडेम्प्शन २'विषयी बोलताना खेळाडू कथानकाआधी पहाटेचे धुके, चिखलात रुतणारे घोड्याचे पाय आणि हिमातील पाऊलखुणा यांविषयी सांगतात. येथे खेळाडू रसिकाच्या भूमिकेत असतो.

(इ) प्रसंगकथन : 'मी जात होतो, तेवढ्यात...' अशी सुरुवात असणारी छोटी हकिकत. कथनाची गती, उत्कंठा आणि अखेरची कलाटणी यांचे भान सांगणाऱ्याला अनुभवाने येते. कारण हकिकत लांबली तर ऐकणारे उठून जातात.

(ई) निर्णयांची चर्चा : २०१५ च्या 'द विचर ३' या खेळात एका सरदाराच्या उद्ध्वस्त कुटुंबाची कथा आहे. खेळाडूने आधी घेतलेल्या निर्णयानुसार तिचा शेवट बदलतो. 'तू काय केलेस आणि का?' हा प्रश्न येथे नैतिक चर्चेचा रूप घेतो. समोरच्याने तो भाग खेळलेला नसेल तर कथा फोडायची नाही, हा संकेतही कसोशीने पाळला जातो.

(उ) मूल्यमापन : नकाशावर खुणांची इतकी गर्दी, की भटकंती म्हणजे कामांची यादी होऊन बसते, अशी तक्रार अनेक खेळांविषयी केली जाते. २०२२ च्या 'एल्डन रिंग'ची प्रशंसा झाली, ती बऱ्याच अंशी त्याने खुणा कमी ठेवून खेळाडूला स्वतः शोधू दिले म्हणून. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या 'सायबरपंक २०७७' मधील तांत्रिक दोषांविषयी खेळाडूंनी इतके बोलून दाखवले, की सोनी कंपनीने तो खेळ काही काळ आपल्या विक्रीकेंद्रावरून काढून घेतला आणि २०२१ च्या जूनमध्ये पुन्हा ठेवला. हे मूल्यमापन परिणामशून्य नसते, हे यावरून दिसून येते.

माहिती, वर्णन, कथन, चर्चा आणि समीक्षा हे पाचही प्रकार भाषेच्या अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे शिकवले जातात. खेळाडूंच्या बोलण्यात ते एकत्र आणि विनासायास येतात. या बोलण्याची भाषा मिश्र असते. 'मॅप', 'मिशन', 'ग्राफिक्स' या शब्दांना मराठी क्रियापदे जोडली जातात. परंतु चढ, उतार, खिंड, वळण, आडवाट हे शब्द बहुधा मराठीच राहतात. भूमीचे शब्द विद्यार्थ्यांजवळ घरचे आहेत.

५. वाटसरूंची परंपरा

स्थळाचे वर्णन वाटेच्या क्रमाने करण्याची परंपरा मराठीत फार जुनी आहे. महानुभाव पंथाच्या 'स्थानपोथी'त चक्रधरस्वामींच्या वास्तव्याची स्थाने दिशा आणि खुणा देऊन नोंदवली आहेत. मागाहून येणाऱ्याला ते स्थान सापडावे, हा तिचा हेतू. १८५७ च्या धामधुमीतील आपली भटकंती विष्णुभट गोडसे यांनी 'माझा प्रवास'मध्ये सांगितली. गो. नी. दांडेकरांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'ने गडवाटांचे वर्णन घरोघरी पोहोचवले.

काही खेळांनी ही देवाणघेवाण खेळाच्या आतच आणली आहे. हिदेताका मियाझाकी यांच्या 'डार्क सोल्स' (२०११) व 'एल्डन रिंग' या खेळांत एक खेळाडू जमिनीवर छोटा संदेश ठेवतो आणि तो अनोळखी खेळाडूंना दिसतो. शब्द ठरावीक यादीतून निवडावे लागतात. 'पुढे धोका आहे' असा खरा संदेश असतो, तसा कड्यावरून उडी मारायला लावणारा खोटाही असतो. २०१९ च्या 'डेथ स्ट्रँडिंग'मध्ये एकाने उभारलेली शिडी, पूल किंवा निवारा दुसऱ्याच्या जगात प्रकट होतो. ज्याला त्याचा उपयोग झाला तो बांधणाऱ्याला पसंती कळवतो. दोघांची भेट कधीच होत नाही.

ही कल्पना नवी वाटते. परंतु जुन्नरपासून सुमारे ३० किमीवरील नाणेघाटात तिचे प्राचीन रूप उभे आहे. कोकणातील बंदरांकडून जुन्नरमार्गे पैठणकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर हा घाट आहे. येथील लेण्यातील नागनिकेचा ब्राह्मी लेख सर्वश्रुत आहे. त्याच परिसरातील पाण्याच्या एका पोढीवर, ती सोपारा येथील गोविंददासाचे दान असल्याचा छोटा लेख आहे. घाट चढून दमलेल्या अनोळखी वाटसरूला पाणी मिळावे यासाठी केलेली सोय आणि तिच्यावर कोरलेले नाव, एवढाच हा संदेश. परंतु सुमारे दोन हजार वर्षांनंतरही तो वाचता येतो. वाटेवर पुढे गेलेल्याने मागून येणाऱ्यासाठी काही ठेवून जावे, ही वृत्ती घाटाची तशी खेळाचीही आहे.

६. मर्यादा व धोके

या साम्यामुळे भेद विसरून चालणार नाही. २०१७ च्या 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' या खेळाचे उदाहरण घ्यावे. त्यातील एका मोठ्या प्रकरणात पश्चिम घाटाच्या खुल्या प्रदेशात जीपने हिंडता येते आणि होयसळांच्या भव्य अवशेषांचा शोध घेता येतो. हिरवाई व धबधबे यांचे चित्रण मोहक आहे. परंतु त्या घाटात गाव नाही, भातखाचर नाही, गुराखी नाही. प्रत्यक्षातील हळेबीड पश्चिम घाटाच्या पूर्वेकडील पठारी भागात आहे. खेळातील घाट हा माणसे वजा केलेला घाट आहे. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या महादेव कोळी समाजाला अशा चित्रात जागा नसते.

दुसरा भेद वन्यप्राण्यांच्या बाबतीत आहे. २०१४ च्या 'फार क्राय ४' मध्ये एका कल्पित हिमालयीन देशात शिकार करून कातड्यांपासून पिशव्या बनवता येतात. त्या प्राण्यांत हिमबिबट्याही आहे. जुन्नर वनविभागातील जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर या तालुक्यांत बिबट्या हे उसाच्या फडात राहणारे वास्तव आहे. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले. दिवस मावळल्यावर मुलांना अंगणातही एकटे सोडू नये, अशी स्थिती ज्या गावांत आहे, तेथे पडद्यावरील मोकळ्या रानाचे आकर्षण केवळ चंगळ म्हणून पाहणे न्याय्य ठरणार नाही. ज्याला घराबाहेरचे रान संध्याकाळी बंद होते, त्याला खेळातील रान रात्रभर खुले असते. खेळात मृत्यूनंतर क्षणात पुन्हा उभे राहता येते. फडाच्या कडेला तशी सोय नसते. हा भेद विद्यार्थ्यांना सांगावा लागत नाही. परंतु त्यावर त्यांना बोलते मात्र करता येते.

तिसरा मुद्दा वेळेचा व वयाचा. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' मालिकेतील प्रमुख खेळ प्रौढांसाठीच आहेत. प्रत्यक्षात ते शाळकरी मुलांच्या हाती पडतात. जागतिक आरोग्य संघटनेने 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत केला असून ती आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला प्राधान्य मिळणे आणि हानी दिसत असूनही खेळणे चालू राहणे, ही त्याची लक्षणे होत. खेळणारा प्रत्येक जण या वर्गात मोडत नाही. पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना प्रतिबंध करणारा २०२५ चा केंद्रीय कायदाही असे खेळ आणि इतर खेळ यांत भेद करतो. अध्यापकांनीही तो करणे उचित होय.

७. अध्यापनातील उपयोग

कल्पित प्रदेशाविषयीची आस्था प्रत्यक्ष प्रदेशाकडे वळू शकते, याचे उदाहरण जपानमध्ये मिळते. २०२० च्या जुलैमध्ये आलेला 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' हा खेळ त्सुशिमा बेटावर आधारित आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वादळाने बेटावरील वाताझुमी देवस्थानाची कमान पाडली. तिच्या उभारणीसाठी ५० लाख येनचे आवाहन करण्यात आले. खेळाडूंच्या प्रतिसादामुळे त्याच्या कित्येक पट रक्कम जमा झाली. २०२१ मध्ये त्सुशिमा शहराने त्या खेळाच्या दोन अमेरिकन दिग्दर्शकांना पर्यटनदूत नेमले.

जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये राज्य शासनाने विशेष पर्यटन क्षेत्राचा दर्जा दिला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी भूदृश्ये' म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत शिवनेरी आहे. अर्थात, सांगण्याजोगी स्थळे येथे विपुल आहेत. परंतु अनुभवकथनाच्या या कौशल्याचा खरा कस लागावा असे काम आंबेगाव तालुक्यात आहे.

तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते मूळ आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याचे मुख्यालय घोडेगाव येथे आहे. बुडालेल्या गावाचा बाजार कोठे भरत असे, नदीचा उतार कोणता, कोणत्या आळीतून कोणत्या देवळाकडे वाट जाई, हे आज जुन्या माणसांच्या सांगण्यातच शिल्लक आहे. ३० जुलै २०१४ रोजी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगरकडा कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसांसह गावाचा मोठा भाग गाडला गेला. येथेही घरांचा क्रम आणि वाटांचा माग आता स्मरणातच आहे.

'लॉस सांतोस' या काल्पनिक शहरातील रस्ते पाठ असणाऱ्या विद्यार्थ्याजवळ नेमके येथे लागणारे कौशल्य आहे. एखाद्याने सांगितलेल्या वाटेवरून मनातल्या मनात चालणे, 'डावीकडे काय होते, त्यापुढे काय' असे विचारत जाणे आणि ऐकलेल्यातून नकाशा रचणे त्याला सवयीने येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्पाला स्थान आहे. त्याअंतर्गत विद्यार्थ्यांनी विस्थापित कुटुंबांतील वडीलधाऱ्यांकडून गावाची वाट ऐकावी, ती मराठीत लिहावी आणि तिचा नकाशा तयार करावा. भाषा, भूगोल, इतिहास व समाजशास्त्र हे चारही विभाग यात सहभागी होऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या 'यूएन-हॅबिटॅट' या संस्थेने २०१२ पासून 'ब्लॉक बाय ब्लॉक' या उपक्रमात 'माइनक्राफ्ट' या खेळाचा वापर करून सामान्य नागरिकांकडून सार्वजनिक जागांचे आराखडे करवून घेतले आहेत. त्याच साधनाने बुडालेल्या गावाची प्रतिकृतीही उभी करता येईल. मात्र आपद्ग्रस्तांच्या बाबतीत त्यांची संमती आणि त्यांचे दुःख यांचे भान प्रथम राखावे लागेल. माळीण हा खेळाचा विषय नाही. ऐकून घेण्याचा विषय आहे.

८. समारोप

मुक्तविश्व खेळांतील अनुभवकथन हा रिकामटेकड्या गप्पांचा प्रकार नसून स्थळ, प्रसंग आणि निर्णय यांविषयी बोलण्याची एक शिस्त आहे, असे वरील विवेचनावरून म्हणता येते. ही शिस्त विद्यार्थी वर्गाबाहेर, एकमेकांकडून शिकले आहेत. तिच्यात माणसे वजा केलेल्या निसर्गाचा मोह आहे, वेळेचे भान सुटण्याचा धोका आहे. पण वाट सांगण्याची आणि ऐकण्याची उत्सुकताही आहे. डिंभ्याच्या पाण्याखालील आंबेगावात वावरलेली माणसे वृद्ध होत चालली आहेत. त्या गावाची वाट सांगू शकणारे आणि ती लक्षपूर्वक ऐकू शकणारे आज एकाच तालुक्यात, कित्येकदा एकाच घरात राहतात. त्यांना समोरासमोर बसवण्याचे काम महाविद्यालयाला करता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी उपलब्ध असलेला काळ मर्यादित आहे.